अर्ध्या वेणीफणीची बाहुली

मित्रांनो, मी जुनी झाले आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या एका पायाचा अंगठा गेला आहे आणि डाव्या डोळ्याची पापणी मिटत नाही. त्यामुळे मी निजते तीही एकाच डोळ्याने.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. गरम प्लास्टिकचा वास आणि डोक्यात सोनेरी केस टोचणारे यंत्र, एवढेच आठवते. कुठल्याशा थंड देशातल्या मुलीने मला काही वर्षे खेळवले आणि मोठी झाल्यावर टाकून दिले. मग जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात दबून मी समुद्रावरून घानाला आले. आमच्याकडे या कपड्यांना ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ म्हणतात. ताकोराडीच्या बाजारात गठ्ठा फोडला, तेव्हा एका सदऱ्याच्या बाहीतून मी बाहेर पडले. मी मेलेली नव्हते, पण हे सांगणार कुणाला?

मला ज्यांनी उचलले त्या बाईंचे शेजारच्या सेकोंडी गावात वेण्या घालण्याचे दुकान होते. निळ्या रंगाची लाकडी टपरीच ती. सगळे त्यांना मॅडम एकुआ म्हणत. त्यांची मुलगी अराबा तेव्हा सहा वर्षांची होती. तिची शाळा सुरू झाली होती आणि शाळेच्या नियमाप्रमाणे तिचे केस अगदी बारीक कापले होते.

“सगळ्या गावाच्या वेण्या घालतेस,” ती रडत म्हणाली, “आणि माझं डोकं बघ, नारळासारखं!”

“नारळाला निदान शेंडी असते गं,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी मला तिच्या मांडीवर ठेवले.

माझ्या सोनेरी केसांच्या वेण्या टिकेनात. घातल्या की सुटत. तेव्हा मॅडमनी ते उपटून काढले आणि वाकड्या सुईने काळे कुरळे केस माझ्या डोक्यात शिवले. गुलाबी चेहरा आणि काळे केस पाहून गिऱ्हाइके हसत. “उन्हात राहिली की रंग चढेल,” असे मॅडम त्यांना सांगत. माझ्या भुवया वर चढवलेल्या आहेत, म्हणून अराबाने माझे नाव ठेवले मुख्याध्यापिका.

पुढे आणखी पाच बाहुल्या आल्या. दर रविवारी चर्चहून आले की मायलेकी टपरीत बसत. भांग कसा पाडायचा ते अराबा सांगे आणि मॅडम आमच्या डोक्यांवर बारीक वेण्या घालत. गोगलगाईसारख्या गोल, नदीसारख्या वळणाच्या, उभ्या, तिरप्या. सोमवारी येणाऱ्या बायका आमच्याकडे बोट दाखवून म्हणत, “मला हिच्यासारख्या घाला.” आम्ही सहाजणी त्या दुकानाची पाटीच होतो म्हणा ना.

मग अराबा मोठी झाली. ती वसतिगृहात गेली, तिथून आक्राला नोकरीला गेली. तिने आम्हांला कधी टाकले नाही. फक्त ती आमच्याकडे बघेनाशी झाली. रविवार मात्र चुकले नाहीत. मॅडम एकट्या बसून आमची वेणीफणी करत.

“मॅडम, आता या बाहुल्यांची लग्नंच लावून टाका,” एखादी बाई टोमणा मारी.

“स्थळं येतायत की,” मॅडम म्हणत. “पण सगळे टकले. माझा धंदा कसा चालायचा?”

एका रविवारी त्यांचा उजवा हात जड झाला. तेव्हा मी त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी डाव्या हाताने थोडा वेळ काम रेटले, मग कंगवा खाली ठेवला आणि मला फळीवर बसवले. “उद्या पुरं करू हं,” त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत.

टपरी वर्षभर बंद राहिली. आत धूळ होती, तेलाचा वास होता आणि आम्ही होतो. फटीतून उन्हाची एक रेघ येई, सकाळभर भिंतीवरून सरके आणि जाई. आम्ही सहाजणी शेजारी शेजारी बसलो होतो, पण बाहुल्यांना एकमेकींशी बोलता येत नाही. हे तुम्हांला कुणी सांगितले नसेल.

मॅडम गेल्या त्याला वर्ष झाले, चर्चमधली प्रार्थना आटोपली आणि अराबा आली. टपरीची जागा सोडायची होती. सोबत मॅडमची धाकटी बहीण, मानसामावशी होती. खुर्च्या गेल्या, आरसा गेला. राहिलो आम्ही.

“यांचं काय करू?” अराबाने विचारले.

“विक. फोनवर टाक. हल्ली लोक फोनवर बकरीसुद्धा घेतात.”

अराबाने आम्हांला बाकावर ओळीने बसवले आणि उजवीकडून फोटो काढला. खाली लिहिले, ‘सहा बाहुल्या, एकत्रच द्यायच्या आहेत.’ दुसऱ्याच दिवशी हो नावाच्या गावाहून डेला नावाच्या बाईंचा होकार आला. त्यांच्या मुलीचे, सेनामचे, केस शाळेसाठी नुकतेच कापले होते. मोबाईलवर पैसेही आले.

मी किती आनंदले! मला पुन्हा कुणाच्या तरी मांडीवर बसायचे होते. माझे राहिलेले डोके कुणीतरी पुरे करणार होते.

खोके भरताना अराबाने पाच जणी ठेवल्या आणि शेवटी मला उचलले. तेव्हा तिला माझी डावी बाजू दिसली. उजव्या बाजूच्या पहिल्या वेण्या सरळ होत्या, पुढच्या दोन कलत गेलेल्या, आणि भांगापलीकडे नुसते मोकळे केस. तिने मावशीकडे पाहिले.

“त्या रविवारी हिलाच घेऊन बसली होती एकुआ,” मावशी म्हणाली. “हात चालेना.”

अराबा खाली बसली. त्या कललेल्या वेण्यांवरून तिने एकेक करून बोट फिरवले. मग तिने डेलाबाईंना फोन लावला.

“ताई, पाचच पाठवते. एकीचे पैसे परत करते.”

“अहो, सहा लिहिलंय तुम्ही! फोटोत मी स्वतः मोजल्यात. मी काय आंधळी आहे?”

“सहावीचं डोकं अर्धंच विंचरलेलं आहे.”

“मग त्यात काय! उरलेलं माझी पोर विंचरेल.”

“तेच नकोय मला. माझ्या आईनं घातलेल्या वेण्या आहेत त्या,” अराबा म्हणाली.

“बरं ताई,” एवढेच डेलाबाई म्हणाल्या.

मावशीला मात्र राहवले नाही. “एकुआनं जन्मात कुणाला अर्ध्या डोक्यानं दाराबाहेर पडू दिलं नाही. वीज गेली तर मेणबत्ती लावून पुरं करायची. आणि तू हिला अशीच ठेवणार?”

“अशीच,” अराबा म्हणाली.

पाच जणी बसच्या ड्रायव्हरच्या हाती गेल्या. मी आक्राला आले. अराबाने मला पारदर्शक पिशवीत घालून कपाटात ठेवले आहे, वेण्या विसकटू नयेत म्हणून. मला इथे धूळ लागत नाही. ऊनही लागत नाही.

एकदा तिने कपाट उघडून फोन माझ्यासमोर धरला; डेलाबाईंनी फोटो पाठवला होता. सेनामने पाचही जणींच्या वेण्या घातल्या होत्या. काय त्या वेण्या! एक कपाळावर, एक कानात शिरलेली, रबरबँड नाकापर्यंत आलेले. अराबा हसली. मग तिने पिशवीची गाठ सोडली आणि माझ्या मोकळ्या केसांवर हात ठेवला. तिला वेण्या येत नाहीत. शाळेच्या वयात तिच्या डोक्यावर केसच नव्हते, तर शिकणार कधी? बराच वेळ तिचा हात तिथेच होता. नंतर तिने पुन्हा गाठ मारली.

मी तिच्यावर रागावलेली नाही. तिच्या आईच्या हातचे शेवटचे काम माझ्या डोक्यावर आहे आणि ते ती जपते आहे. पण मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू अशी बांधून ठेवलेली असेल. मोठ्यांना विचारा आणि तिला बाहेर काढा. ती मळेल, तिचा एखादा टाका उसवेल. उसवू द्या. आम्ही हातांसाठी घडलो आहोत.

आणि कधी अराबा भेटली, तर तिला सांगा की वाकड्या वेण्याही चालतील. माझ्या उरलेल्या डोक्यात किती वेण्या बसतील, ते मी कितीदा तरी मोजले आहे. सात. घट्ट घातल्या तर आठ.