उजव्या हाताची योजना

धानोऱ्याच्या मुलींना बेसबॉल शिकवणाऱ्या प्रणित सरांनी पिचर रिनासाठी सहा महिन्यांची योजना आखली होती. रोज चाळीसच चेंडू फेकायचे, रविवारी उजव्या हाताला सक्तीची विश्रांती. पाच महिने सरले, तरी मेल्या चेंडूला वेग म्हणून येईना! पोरगी रविवारी करते तरी काय, म्हणून सर तणतणत तिच्या शेतावर गेले.

रिना मचाणावरून धानावरचे पोपट हाकलत होती. एकेक दगड सणसणत सुटत होता, आणि तोही डाव्या हातानं. सर धावत मचाणाखाली आले.

"डावखुरी आहेस? मले सांगितलं काऊन नाई?"

"पहिल्याच दिवशी तुमीच झेलाचा ग्लोव्ह माह्या डाव्या हातात चढवला, सर. मले वाटलं, या खेळात उजव्यानंच फेकाचा नियम आहे."