सगळे एक जूनचे

मी दिनविशेषाचा फळा बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय म्हणा. रोज सकाळी अंगावर कुणाची तरी लढाई, कुणाचा तरी तह आणि कुठल्या तरी ध्रुवाचा शोध खडूने लिहून घ्यायचा, हेच चौदा वर्षं केल्यावर तुम्हीही कुरकुरला असता.

माझा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. एका कपाटाची पाठ कापून थोडं प्लायवूड उरलं होतं. धर्मेश शेठने त्याला काळा रंग फासला, कडेने पट्ट्या ठोकल्या आणि सुदाम गुरुजींना म्हणाला, "ले जाव मास्टरजी, पक्का माल है." पक्का कसला, दुसऱ्याच पावसाळ्यात माझा खालचा कोपरा फुगला. तो अजून तसाच आहे.

गुरुजींनी मला मोटारसायकलला बांधलं आणि बदलापूर गाव ओलांडून बारवीच्या रस्त्याने वर आणलं. डोंगरउतारावर वीस-बावीस घरांची वाडी, दोन खोल्यांची शाळा, एकोणीस मुलं. मला व्हरांड्यात टांगलं, तेव्हापासून मी इथेच आहे.

गुरुजी खरवईहून येतात. आले की हेल्मेट खिळ्याला, मोबाईल डोळ्यांजवळ आणि माझ्यावर तारखेखाली तीन ओळी. नेपोलियन येऊन गेला, बर्लिनची भिंत येऊन गेली. वाचतं कोण? मुलं येता-जाता फक्त तळाची ओळ बघतात. तिथे लिहिलेलं असतं 'आजचा वाढदिवस', आणि पुढे एक आडवी रेघ. चौदा वर्षांत त्या रेघेच्या जागी एकाही मुलाचं नाव आल्याचं मला आठवत नाही.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. शाळेच्या पटावर वाडीतली सगळी मुलं एकाच दिवशी जन्मलेली आहेत, एक जूनला. मूल घरी जन्मतं, दाखला कुणी काढत नाही, आईबापांना तारीख सांगता येत नाही. मग गुरुजी एक जून घालून मोकळे होतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मूल बरोबर सहाचं भरतं आणि वरून कुणी काही विचारत नाही. ही सोय काही आमच्या गुरुजींनी शोधलेली नाही, त्यांच्या आधीच्या कित्येक गुरुजींनी हेच केलं. म्हणून तर एकतीस मे आला की कचेऱ्या-कचेऱ्यांतून निवृत्तीचे हार घातले जातात.

आणि एक जूनला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. एसटीची पहिली गाडी त्याच दिवशी धावली, दख्खनची राणी त्याच दिवशी सुटली, आमची अख्खी वाडी त्याच दिवशी जन्मली, आणि मी मात्र दरवर्षी कोराच्या कोरा.

यंदा अंबरनाथ पूर्वेहून भारतीबाई नव्याने रुजू झाल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा वाढदिवस आला आणि गुरुजींनी तळाच्या ओळीत त्यांचं नाव घातलं. दुसरीतली नवसी त्या नावासमोर कितीतरी वेळ उभी होती. तिथे नाव येऊ शकतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"गुरजी, माजा नाव कवा?" तिने विचारलं.

गुरुजी म्हणाले, तुझा एक जून, तो सुट्टीत असतो. त्यावर नवसी म्हणाली, मग सुट्टी नसेल तेव्हाचा द्या. गुरुजी हसले आणि वर्गात गेले. दुसऱ्या दिवसापासून नवसी शाळेत येईना. जिथे आपलं नाव येत नाही तिथे आपण जाणार नाही, असं तिने घरी सांगून टाकलं होतं.

शाळेत खिचडी शिजवते ती बनूबाई नवसीची आजी. पाचव्या दिवशी ती हातातला डाव घेऊनच व्हरांड्यात आली.

"एक जून कुठून काढलाव, गुरजी? ती झाली त्या दिशी वांगनीच्या अंगाला मोठी गाडी पान्यात हुबी व्हती. वर इमान फिरत व्हता. दवाखान्यात न्याया रस्ताच नव्हता, मीच नाळ कापली."

भारतीबाईंना मोबाईल बघावाच लागला नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली तो दिवस. अंबरनाथला त्या दिवसभर टीव्हीसमोरून उठल्या नव्हत्या. दोन हजार एकोणीस, सत्तावीस जुलै.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू. सातासमुद्रापलीकडचे तह गुरुजी रोज शोधून काढतात. ही तारीख वीस पावलांवर चुलीपाशी बसलेली होती आणि एवढ्या दिवसांत तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पण गुरुजी ऐकेनात. पटावर एक आणि फळ्यावर एक चालणार नाही, केंद्रप्रमुख आले तर काय सांगू, म्हणाले. पट तसाच राहू दे, फळ्यावर लिहायला काय हरकत आहे, असं भारतीबाईंनी सुचवलं, तर त्यांच्यावरच भडकले. चौदा वर्षांत त्यांचा आवाज इतका चढलेला मी ऐकला नव्हता.

सत्तावीस जुलै उजाडला. बनूबाईने नवसीला हाताला धरून पायरीपर्यंत आणली. गुरुजी माझ्यावर लिहीत होते. कोरियातलं युद्ध थांबलं. माजी राष्ट्रपती कलाम यांची पुण्यतिथी. तळाच्या ओळीपाशी खडू थांबला. नवसी पायरी चढेना.

"गुरजी, तुमचा वाडदिवस कवा?"

"एक जून."

"खरा?"

गुरुजी माझ्याकडेच तोंड करून उभे होते, म्हणून त्यांचा चेहरा फक्त मला दिसला.

"आई होती तोवर विचारायचं सुचलं नाही," ते म्हणाले. "आता सांगणारं कुणी उरलं नाही."

मग त्यांनी ती रेघ पुसली आणि तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं, नवसी. ती पायरी चढून आली, स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि वर्गात जाऊन बसली. मागून बनूबाई म्हणाली, "मंग तुमी उद्याचा घ्या, गुरजी. उद्या कुनाचा नाय."

ही कालची गोष्ट. आज सकाळी शाळेत पहिली आली ती नवसी. तिने बाक ओढून आणला, वर चढली आणि माझ्या वरच्या काठापासून खालच्या फुगलेल्या कोपऱ्यापर्यंत लिहून काढलं की आज सुदाम गुरुजींचा वाढदिवस आहे. काना-मात्रा तिच्या मर्जीने पडल्या आहेत, पण नाव वाचता येतं.

गुरुजी आले आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून मला वाचत राहिले. भारतीबाईंनी मोबाईल काढला. एकोणीसशे चौदा साली पहिलं महायुद्ध सुरू झालं ते याच तारखेला. माझ्यावर बोटभरही जागा उरलेली नव्हती.

"गुरुजी, महायुद्ध राहिलं," त्या म्हणाल्या.

"राहू द्या," गुरुजी म्हणाले.

शाळा सुटेल, कुणीतरी सवयीने डस्टर घेऊन येईल. त्याला माझं हात जोडून सांगणं आहे, बाबा रे, आजच्या दिवस मला पुसू नकोस.