दादांचे पायडल

सुज्ञ वाचकहो, सर्दी-खोकल्यासारख्या क्षुल्लक व्याधीने माझ्या थोरल्या बंधूंचे पाय कसे नेले, आणि तदनंतर आमच्या शिवणयंत्रावर काय घडले, ते मी आपणांस यथाशक्ती निवेदन करणार आहे.

दादा शिंपी. मी त्यांच्या हाताखाली काज-बटणे करी. त्यांच्या पायमशीनच्या खडखडाटानेच आमच्या घरी सकाळ उजाडे. त्या वर्षी त्यांना ताप-खोकला आला व उतरलाही. मात्र आठवड्याभराने ते कुरकुरू लागले.

"मशीन जड झालंय. तेल घातलंस का रे?"

"घातलं, दादा."

"कुठं, स्वतःच्या डोक्यावर?"

मी पुन्हा तेल घातले, पट्टा सैल केला, अखेर यंत्र उघडून पुसून जोडले. एका गिऱ्हाइकाची पांढरी विजार तेलाने डागाळली, तरी पायडल जडच! मग एके सकाळी दादा स्टुलावरून उठावयास गेले ते खालीच कोसळले. तेव्हा उमगले की जड झाले होते ते पाय. शिंप्याच्या घरी दोष आधी यंत्राला!

इस्पितळातील डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू गेला, पण त्याच्याशी लढायला उठलेलं शरीर आता स्वतःच्याच नसांवर उलटलंय. बहुतेक माणसं हळूहळू सुधारतात. पाय पूर्वीसारखे होतील, असं वचन मात्र देत नाही."

घरी परतल्यावर दादा भिंतीकडे तोंड करून पडत. वहिनी म्हणाल्या, "मशीनला मोटार बसवू या."

"बसव, आणि मला अडगळीत टाक."

तेव्हा वहिनींनी मलाच हुकूम सोडला, "भावोजी, खाली बसा. हातानं दाबा पायडल." पायांना विसर पडू नये म्हणून दादांची पावलेही त्यांनी माझ्या हातांशेजारी ठेवली.

"हळू! गाढव हाकतोयस का? कॉलर आहे ती!" वरून दादा ओरडत.

अहाहा, काय ते दिवस! वरचे अर्धे धड ते, खालचे मी.

एके दुपारी एक झंपर शिवताना पायडल माझ्या तळव्यांखालून आपसूक खाली गेले. मी हात उचलले. ते पुन्हा हलले, अडखळत, वेडेवाकडे. टीप मात्र पुढे सरकत होती. मी तिथेच डोळे पुशीत बसलो.

"ऊठ की आता," दादा म्हणाले, "पाय हलवायला जागा दे."

आपण वेळ खर्चून हे वाचलेत, त्याबद्दल आपणां सर्वांचा ऋणी,
धाकटा शिंपी