एकोणिसाव्या पानावरचा त्रिकोण

“ही मी वाचलीये का हो?” बाईंनी मांडीवरची कादंबरी उचलून काकांसमोर धरली. “तीस पानं झाल्यावर वाटायला लागलं, वाचलीये. खूण बघितली तर खूण नाही. या महिन्यातली ही तिसरी.”

काका वाचनालयाच्या मित्रमंडळातले. ज्या वाचकांना जिना उतरवत नाही, त्यांना दर गुरुवारी पुस्तकं घरपोच द्यायची आणि वाचून झालेली परत न्यायची, हे मंडळाचं एक काम. पगार नाही, मान मात्र भरपूर, निदान मंडळातल्या लोकांनी एकमेकांना दिलेला. बाई शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता, पण जीभ अजून कामावर होती. आज मात्र त्यांचा आवाज बारीक झाला होता.

कसली खूण, असं काकांनी विचारलं, तशा बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, आता लपवून काय उपयोग, वहिनी तर गेल्या बिचाऱ्या. काकांच्या बायकोनेच त्यांना ही युक्ती शिकवली होती. पुस्तक वाचून झालं, की एकोणिसाव्या पानावर आकड्याशेजारी पेन्सिलीने अगदी बारीक खूण करायची. बाईंची फुली, काकूंचा त्रिकोण. नवं पुस्तक हातात आलं, की आधी एकोणिसावं पान बघायचं. खूण असली तर परत ठेवायचं. तशा कादंबऱ्यांत नायिकेचं नाव तेवढं बदलतं, डोक्यात कोण कशाला ठेवील?

“तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती वहिनींनी,” बाई म्हणाल्या. “पुस्तकात रेघ ओढलेली तुम्हाला खपत नाही ना.”

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

मंडळात त्यांना सगळे खोडरबरकाका म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मंडळात आला आणि वाचनालयातलं कोपऱ्यातलं टेबल त्याने धरलं. वाचकांनी पुस्तकात मारलेल्या रेघोट्या, टिपून ठेवलेले फोन नंबर, नायकाला काढलेल्या मिश्या, सगळं पुसायचं. तेही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही न सोडता. ते बारीक त्रिकोण त्यांना चांगले आठवत होते. शेकड्यांनी पुसले होते. कुणा पोराचा चाळा असणार म्हणून त्या पोराला मनातल्या मनात शिव्याही घातल्या होत्या. घरपोच पुस्तकांचं कपाट या उन्हाळ्यात त्यांच्या टेबलाशी आलं, तेव्हापासून फुल्याही.

घरी मात्र त्यांनी कामाबद्दल कधी धड सांगितलं नाही. पुस्तकांची डागडुजी करतो, एवढंच. बायकोला वाटलं असणार, डिंक आणि पुठ्ठे. पुस्तकं घाण करणाऱ्या लोकांवर ते जेवताना तोंडसुख घेत, तेव्हा ती मान खाली घालून त्यांना वाढत राहायची.

आणि मग तिने हाय खाल्ली. तेच तेच पुस्तक आणते मी, माझं डोकं कामातून चाललंय, असं ती म्हणायला लागली. तिची आई शेवटी पोटच्या पोरांनाही ओळखत नव्हती. तेच आपल्या नशिबी आलं, असं तिने धरून टाकलं. वय झालं, चालायचंच, असं म्हणून काकांनी पेपरचं पान उलटलं होतं. तिने वाचनालय सोडलं. मग गॅस बंद केलाय ना, ते बघायला दर वेळी काकांना हाक मारायला लागली. नात्यातल्या सगळ्यांचे फोन नंबर तिला अखेरपर्यंत तोंडपाठ होते, पण ते कुणी जमेला धरलं नाही. मागच्या वर्षी एका दुपारी तिचं हृदय थांबलं. शेवटची दोन वर्षं ती स्वतःलाच भिऊन जगली होती.

“खरं सांगा,” बाई म्हणाल्या, “माझंही वहिनींसारखंच व्हायला लागलंय का?”

“नाही बाई. तुम्ही शाबूत आहात,” काका म्हणाले. “खुणा मी पुसल्या.”

बाईंचा चेहरा एकदम उजळला. काकांचा हात धरून त्या हसल्या आणि “म्हणजे वहिनींच्याही...” म्हणता म्हणता त्यांनी तो सोडला.

आणखी दोन घरची पुस्तकं पिशवीत तशीच राहिली. काका तडक मुलीकडे गेले. ती दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची आणि गुरुवारी तिला सुट्टी असायची. तिला सांगायलाच हवं होतं, कारण ‘आईचं काही खरं नाही’ म्हणून तिने दोन वर्षं आपली मुलगी आजीजवळ एकटी ठेवली नव्हती. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. त्रिकोण, एकोणिसावं पान, सगळं. काही न वगळता सांगायचं, असं वाटेतच ठरवलं होतं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की कसले त्रिकोण म्हणून त्यांनी एकदा जरी घरी विचारलं असतं, तरी पुरलं असतं.

मुलगी ओट्याला टेकून ऐकत होती. हातातलं फडकं तिने घडी करून बाजूला ठेवलं.

“आईनं विचारलं होतं मला एकदा,” ती म्हणाली. “तासभर ठेव ना हिला माझ्याकडे. मी काही करत नाही, नुसती समोर बसते, म्हणाली. मी म्हटलं, बाबा घरी असतील तेव्हा ठेवीन.”

“चूक माझी आहे.”

“तिनं हट्टसुद्धा धरला नाही, बाबा. ‘बरोबर आहे तुझं’ म्हणाली.”

काकांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण तो हात पुढे करायची त्यांना लाज वाटली. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मुलगी रागावली नाही. जरा हिच्याकडे बघा, एवढं म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

बाहेरच्या खोलीत चार वर्षांची नात जमिनीवर ठोकळे मांडत होती. तिने मान वर करून आजोबांना विचारलं, खेळतोस का? तू खेळ, मी इथंच बसतो, असं म्हणून काका गुडघे धरत तिच्यासमोर खाली बसले. नातीने मनोरा रचला, पाडला, पुन्हा रचायला घेतला. आतलं दार उघडायला तासाच्या वर वेळ लागला. काका तेवढा वेळ जागचे हलले नाहीत.