सातव्या फ्रेटवरचं ढुप

हॉटेलच्या भिंतीवर बँडचा मोठा फोटो लावला होता. त्यात गायिका होती, तिच्या मागे ड्रम होते, कीबोर्डवाल्याचे सगळे दात होते आणि उजव्या कडेला एक कोपर होतं. ते कोपर बेस गिटार वाजवणाऱ्याचं. शर्टाच्या चौकड्यांवरून बायकोने ते ओळखलं होतं, म्हणून निदान घरात तरी त्याची नोंद होती.

बेसवाल्याला या सगळ्याची सवय होती. बेसचा सूर खाली कुठेतरी जमिनीत वाजतो, तो गुणगुणत कोणी घरी जात नाही. पण त्या रविवारी तालमीनंतर वायर गुंडाळता गुंडाळता मॅडम जे म्हणाल्या, त्याची मात्र त्याला सवय नव्हती. मॅडम म्हणजे गायिका. बँड त्यांचा, शब्द त्यांचा.

"हॉटेलवाले स्टेज लहान करतायत. तिथे दोन टेबलं टाकायचीत त्यांना. आपलं तिघांत भागतंय का, बघायला हवं."

"तिघांत म्हणजे?" बेसवाल्याने विचारलं.

उत्तर कीबोर्डवाल्याने दिलं, तेही तोंडाने नाही. त्याने डाव्या हाताने कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर ढूं-ढूं-ढूं करून दाखवलं. हा कीबोर्डवाला म्हणजे बेसवाल्याचा सख्खा मेहुणा. बायकोच्या शब्दाखातर त्याला बँडमध्ये आणलं होतं बेसवाल्यानेच.

"राग मानू नका भावोजी. डावा हात माझा रिकामाच असतो."

"मग खिशात घाल."

"भांडू नका," मॅडम म्हणाल्या. "येत्या शनिवारी चौघं वाजवू. मग ठरवते."

घरी येईपर्यंत बेसवाल्याने गुन्हेगार शोधून काढला होता. गुन्हेगार होता त्याच्या बेसचा सातवा फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांतली सातवी. सगळ्यात बारीक तारेवर सातव्या फ्रेटला बोट ठेवलं की सूर लांबायच्या ऐवजी मरायचा. बाकी सगळीकडे ढूंऊंऊं, तिथे नुसतं ढुप. बंद दारावर उशी आपटल्यासारखं. तोच सूर दुसऱ्या तारेवर मिळतो, पण हात तिथे पोचेपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं. या एका ढुपसाठी त्याने वर्षानुवर्षं काय काय केलं नव्हतं! तारा बदलल्या. तारांखालचा पिकप बदलला. केबल बदलली. आवाज मोठा करणारा, दोघांनी उचलायचा ॲम्प घेतला आणि एकट्याने उचलला, त्यात कंबर बदलली. ढुप होतं तिथेच राहिलं. दुरुस्तीवाल्याने शेवटी हात टेकले आणि लाकडाचा स्वभाव म्हणून सोडून दिलं.

"नवं घेतो," त्याने बायकोला सांगितलं.

"त्याने काय होणारेय? तुमचं वाजलेलं मला आजवर ऐकू आलेलं नाही."

"तेच तर म्हणतोय. नव्याचं ऐकू येईल."

"मग राहू दे."

"आणि तुझ्या भावाचा तो डावा हात..."

"लहानपणी तो डाव्या हातानेच लिहायचा हो. बाबांनी दटावून दटावून मोडली ती सवय."

"अर्धवट मोडली."

दुसऱ्या दिवशी जुना बेस पाठीला लावून तो वाद्यांच्या दुकानात गेला. चारी भिंतींवर गिटारी होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून तीन जण एकाच वेळी तीन वेगवेगळी गाणी शक्य तितक्या जोरात वाजवत होते. बेस कुठे ठेवलेत, हे विचारावं लागलं. ते मागे, स्पीकरच्या खोक्यांपलीकडे, झाडूशेजारी उभे होते. बेसवाल्याला तिथे घरच्यासारखं वाटलं.

दुकानदाराने एक झळझळीत काळा बेस काढला, मांडीवर घेतला आणि वाजवून दाखवला. बोटं सरसर वर गेली, सरसर खाली आली, मध्येच कशाला तरी सुरेख वळसा घालून पुढे गेली. काय नजाकत, बेसवाल्याच्या मनात आलं. अशी वळणं आपल्यालाही जमतात.

मग त्याने स्वतः बेस घेतला आणि थेट सातव्या फ्रेटवर बोट ठेवलं. ढूंऊंऊंऊं. सूर दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आला. त्याचे डोळे भरून आले. ज्याचा एकच दात जन्मभर ठणकला, तो माणूस नवी कवळी बसवल्यावर तोच दात चाचपतो. बाकीचे बघायचं त्याला सुचत नाही.

"जुना परत घेता का?" त्याने विचारलं.

"वाजवून दाखवा."

बेसवाल्याने वाजवला. सगळं आयुष्य सातव्या फ्रेटच्या कडेकडेने काढलेला माणूस तो. त्या दिवशी असा वाजवला की दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

"काही दोष वगैरे?"

"दोष? इतकी वर्षं मी स्वतः वाजवतोय!"

हे वाक्य खरं होतं. वर थोडी भर टाकून सौदा झाला.

बुधवारच्या तालमीला बेसवाला सगळ्यांच्या आधी हजर. मेहुण्याने नव्या बेसकडे बघून शीळ घातली. कार्यक्रम ज्या गाण्याने संपतो ते गाणं मॅडमनी सुरू केलं. अंतरा संपला, बेसवाल्याचं बोट सातव्या फ्रेटवर पडलं, ढूंऊंऊं... आणि मॅडम पुढे गायल्याच नाहीत.

"काय झालं?" मेहुणा म्हणाला.

"काय की. श्वासच घेता येईना. पुन्हा."

पुन्हा तेच. शिवाय त्या जागी ड्रमवाल्याचा मोठा ठोका आणि बेसचा लांबलचक सूर एकमेकांवर आदळून असा आवाज झाला की खिडकीची काच थरथरली. ड्रमवाल्याला सगळे पिंप म्हणत. तो बेसवाल्याइतकाच जुना आणि आकाराने तिप्पट.

"अरे, तुझं ढुप कुठाय?" पिंपाने विचारलं.

"तुला माहीत होतं ते?"

"माहीत? पहिल्या दिवसापासून त्याच्यावर ठोका टाकतोय मी! मला वाटायचं तू मुद्दाम करतोस. एका जागी बरोब्बर सूर गिळायचा. म्हटलं, काय डोकं आहे या माणसाला!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बेसवाल्याच्या वादनाची तारीफ केली होती. ती नेमकी त्याने परवा विकून टाकलेल्या खोटीची होती.

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं. या वेळी कडव्याच्या मधोमध बेसवाल्याचं बोट पाचव्या फ्रेटवर गेलं आणि नवा कोरा बेस म्हणाला, ढुप. मॅडमनी सवयीने तिथे श्वास घेतला. त्यामुळे एका शब्दाचा अर्धा भाग श्वासाच्या अलीकडे राहिला आणि अर्धा पलीकडे.

"मॅडम, डाव्या हाताने वाजवू का मी?" मेहुण्याने संधी साधली.

"वाजव बाबा."

त्याने वाजवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं, भरीव, एकही ढुप नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत मॅडम लालबुंद झाल्या आणि खुर्चीत बसून तांब्याभर पाणी प्यायल्या.

"हे तर त्याहून वाईट. याच्यात माणसाने मरावं कुठे?" त्या बेसवाल्याकडे वळल्या. "शनिवारी जुना घेऊन या. नाहीतर मी खरंच तिघांचं ठरवेन. तिसरा कोण ते बघते."

बेसवाला दुकानात पोचला तेव्हा झाडूशेजारी एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते आणि दुकानदार त्यांना जुना बेस वाजवून दाखवत होता. बोटं सरसर वर गेली, सरसर खाली आली आणि सातव्या फ्रेटला सुरेख वळसा घालून पुढे गेली. ती नजाकत बघताना बेसवाल्याच्या डोक्यात उजेड पडला. ज्या चोरवाटेने आपण रोज जातो, त्याच वाटेने त्या दिवशी काळ्या बेसवर दुकानदार आपल्यासमोरून गेला आणि आपण वाहवा केली!

"सातवा दाबून दाखवायला सांगा त्यांना," तो गृहस्थांना म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"याचा बाप."

गृहस्थांनी स्वतःच दाबला. ढुप. त्यांनी बेस हळूच खोक्यावर ठेवला, चष्मा पुसला आणि बासऱ्या कुठे मिळतील ते विचारून निघून गेले.

"गिऱ्हाईक घालवलंत माझं," दुकानदार म्हणाला.

"गिऱ्हाईक मीच आहे. मला तो परत हवाय. आणि त्या काळ्याच्या पाचव्या फ्रेटचं काय?"

"लाकूड आहे साहेब, प्रत्येकाचं कुठेतरी मरतंच. तुम्ही सातवा बघितलात, खूश झालात, मी कशाला मध्ये बोलू?"

"बरं, तो घ्या नि हा द्या. खोट आहे त्यात, तेव्हा किंमत कमी करा."

"खोट? तुम्ही निर्दोष म्हणून विकलात, मी निर्दोष म्हणून घेतला. आता निर्दोष म्हणूनच न्यावा लागेल."

हिशेबही त्याच चालीने झाला. काळा बेस दोन दिवस वापरला म्हणून त्याची किंमत उतरली होती आणि जुना बेस जुना आहे म्हणून त्याची चढली होती. आपलंच वाद्य दुसऱ्यांदा विकत घेऊन बेसवाला बाहेर पडला. वाटेत त्याने स्वतःला एवढ्या शिव्या घातल्या की एका सायकलवाल्याने थांबून विचारलं, मला म्हणालात का?

शनिवारी स्टेज खरंच लहान झालं होतं. बेसवाला अर्धा खांबामागे उभा होता. शेवटचं गाणं आलं. अंतरा संपला. ढुप. पिंपाचा ठोका पडला, मॅडमनी श्वास घेतला आणि पुढची ओळ अशी उचलली की जेवणाऱ्यांचे चमचे थांबले. मेहुण्याचा डावा हात पँटच्या खिशात होता.

"चौघंच राहू," मॅडम स्टेजवरून खाली येता येता म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी काही नवं घ्यायचं झालं तर आधी मला विचारा."

तेवढ्यात एक पाहुणा पुढे आला आणि त्याने पिंपाचा हात धरला. "त्या एका जागी तुमचा जो ठोका पडतो ना, अंगावर काटा येतो हो!"

पिंपाने खांबाकडे बोट दाखवलं. पाहुण्याने खांब बघितला, छान आहे म्हणाला आणि गेला.

ॲम्प एकट्याने उचलून बेसवाला गाडीपाशी आला, तर मेहुणा तिथे वाट बघत होता.

"भावोजी, कीबोर्डमध्ये काही राम नाही बघा. मीही बेस शिकावा म्हणतो. तो काळा अजून असेल का दुकानात?"

"असेल की. झाडूशेजारी."

"काही दोष वगैरे?"

बेसवाल्याने ॲम्प खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि आठवड्यात पहिल्यांदा मेहुण्याच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला.

"दोष? मी स्वतः वाजवलाय तो!"

हेही वाक्य खरं होतं.