शनिवारचे बावन्न मिलिमीटर

मी एक पर्जन्यमापक आहे. वर पत्र्याचं नरसाळं, आत काचेची नळी, नळीवर मिलिमीटरच्या रेघा, एवढाच माझा देह. इस्रायलमधल्या ओफाकिम गावात, रिबेकाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मी खांबावर उभा आहे.

१९९८ साली मला इथं ऐनातने आणलं. ऐनात बाईंच्या बहिणीची मुलगी. पेताह तिक्वाच्या एका कचेरीत ती उपग्रहाने मोजलेल्या पावसाचे नकाशे बघते. पूर येण्याइतका पाऊस दिसला की कचेरी पोलिसांना कळवते आणि ते ओढ्यावरचे रस्ते बंद करतात.

"मग हे डबडं कशाला?" बाईंनी विचारलं होतं.

"मावशी, उपग्रह वरून ढग बघतो. तोही घटकाभर येऊन जातो. जमिनीवर खरं किती पडलं, ते तुझं डबडं सांगणार."

तेव्हापासून रोज सकाळी आठला बाई चष्मा लावून माझ्यापुढे वाकत. आकडा लहानपणीच्या ठाण्याच्या शाळेतल्या सवयीने मराठीत पुटपुटत, मग फोनवर ऐनातला हिब्रूत सांगत. वाळवंटाच्या काठावरचं गाव. बहुतेक दिवशी शून्यच. तरी फोन कधी चुकला नाही. फक्त शनिवारी, शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, त्या आकडा डोक्यात ठेवत. शब्बाथला लिहायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले, की शब्बाथ संपे, मग फोन.

मुलगा अलोन यातलं काही पाळत नसे. किर्यात गात शहरातल्या कारखान्यात पाळी असली, की तो शनिवारीही गाडी काढी. त्यावरून मायलेकांचं पूर्वी फार वाजलं. शेवटी दोघांनी तो विषयच सोडला.

२००१च्या जानेवारीत एका शनिवारी उजाडल्यापासून पाऊस कोसळत होता. नळी भरत चालली तसा मला अभिमानच वाटला. बाई छत्री घेऊन आल्या, वाकल्या, काच पुसून पुन्हा पाहिलं. बावन्न. एवढा आकडा मी कधीच दाखवला नव्हता.

अलोन दारात किल्ली फिरवत उभा होता. "इमा, कमा?" आई, किती झाला, असं त्याने हिब्रूत विचारलं.

"झाला पुष्कळ."

"आकडा सांग ना. मी ऐनातला कळवतो. पाप लागलं तर मला."

"माझ्यापायी तू शब्बाथ मोडायचा नाहीस."

"मी गाडी घेऊनच निघालोय, इमा."

"ते तुझं तू मोडतोस. त्याला माझं निमित्त नको."

तो हसला, जेवणाचा डबा उचलला आणि गेला.

उपग्रह त्याआधीच येऊन गेला होता. त्याला इथं आठ मिलिमीटर दिसले. जवळपास दुसरा मापक नव्हता. रस्ता उघडा राहिला. वर्षभर कोरडा असणारा ओढा नऊच्या सुमारास रस्त्यावरून वाहू लागला. गाडी दुपारी सापडली. अलोन तिसऱ्या दिवशी.

शोकाचे सात दिवस बाई जमिनीवर बसून होत्या. धर्मगुरू रब्बी आले. हळू आवाजात म्हणाले, "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, असंच आपला धर्म सांगतो."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "पण मला तो नुसता पाऊस वाटला."

मग त्या ऐनातकडे वळल्या. "आकडा कळला असता, तर रस्ता बंद झाला असता?"

ऐनात म्हणाली, "झाला असता, मावशी."

त्याला आता काही वर्षं झाली. कचेरीने गावाबाहेर आपोआप मोजणारं यंत्र बसवलं आणि माझं नाव यादीतून काढलं. मला गंज चढलाय. नळीला तडा गेलाय, पाणी साठत नाही. तरी बाई रोज आठला येतात. शब्बाथलाही येतात, आणि शब्बाथलाही फोन करतात. काल रात्रभर पाऊस होता. सकाळी ओल्या अंगणात उभ्या राहून बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर "शून्य" सांगितलं. ऐनात पलीकडून म्हणाली, "बेसेदेर, दोदा. ठीक आहे मावशी, लिहून घेतलं." ती कुठेच लिहीत नाही.

कुणीतरी मला या खांबावरून उतरवा. भंगारात टाका, चालेल. पण माझ्या जागी दुसरा मापक इथं बसवू नका. बाईंना आता कुठलाच आकडा वाचावा लागू नये.