‘एकट्याने’ खोडण्याचा अर्ज

माजी सैनिकांच्या संघटनेनं सभागृहात नवा फलक लावायचं ठरवलं आणि प्रत्येक सभासदाच्या पदकांची यादी अभिलेख कार्यालयातून मागवली. थोरलीच्या वडिलांच्या नावापुढे एकच शब्द आला : निरंक.

थोरली चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करायची. केसाएवढी चूक तिला खपत नसे. हा शब्द तर तिच्या डोळ्यांत खुपतच राहिला. बाबांनी एकोणीस वर्षं सैन्यात काढली होती, आचारी म्हणून का होईना. दीर्घ सेवेचं पदक तरी नियमानं मिळायलाच हवं होतं.

“असू दे गं,” बाबा म्हणाले. “पळी फिरवल्याबद्दल पदक देतात होय?”

घरात ही थट्टा जुनीच. धाकटा भाऊ म्हणायचा, बाबांनी लढाईत कांद्यांची कत्तल केली आणि रडलेही तेच. बाबा सगळ्यांच्या आधी हसायचे. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे चकचकीत व्रण होते. कढई उलटली, एवढंच ते सांगत. कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नव्हतं.

थोरलीनं दुरुस्तीचा अर्ज लिहिला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कार्यालय गाठलं. तिथल्या अभिलेखपाल बाई बारीक चणीच्या, शिडीवर चढून स्वतःच गठ्ठे काढणाऱ्या. दीर्घ सेवेची नोंद त्यांना दहा मिनिटांत सापडली. मग सेवा क्रमांकाकडे पाहत त्या थबकल्या.

“शेवटचा आकडा नऊ ना? थांबा हं. न जुळलेल्या कागदांत असाच एक आहे. सगळं हेच, फक्त शेवटी सात.”

त्यांनी पिवळा पडलेला कागद टेबलावर ठेवला. थोरलीनं वाचला, पुन्हा वाचला, मग बोट ठेवून वाचला. पुलाजवळच्या शाळेत उभारलेलं तात्पुरतं इस्पितळ. तोफांचा मारा. आग. ‘भटारखान्यातील सदर जवानाने जळत्या इमारतीतून एकट्याने नऊ जखमी बाहेर काढले. शौर्यपदक मंजूर.’ खाली बाबांचं नाव.

“हे... माझे वडील नाहीत,” ती म्हणाली. “ते आचारी होते हो.”

“आचारीच लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “एक आकडा चुकला आणि शेहेचाळीस वर्षं कागद इथं पडून राहिला.”

कढई उलटली! लहानपणी ज्या हातांना धरून थोरली शाळेत गेली, त्या हातांबद्दल तिला काडीचंही ठाऊक नव्हतं. जिन्यावरूनच तिनं भावाला फोन केला. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असलेल्या भावानं तिला कागद पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं.

घरी तिनं कागदाची प्रत बाबांच्या मांडीवर ठेवली. ते हसतील, लाजतील, असं तिला वाटलं होतं. ते वाचत गेले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“एकट्यानं? असं कुणी लिहिलं?”

“म्हणजे?”

“न्हावी होता ना बरोबर! आमच्या तुकडीचा न्हावी. पाच जण त्यानं आणले, चार मी. सहाव्यासाठी तो आत गेला आणि छप्पर खाली आलं.” बाबा कागदावरून हात फिरवत राहिले. “त्याच दिवशी आम्ही ती जागा सोडली. मला तापात काही कळत नव्हतं, हातांना हीऽऽ बँडेजं. एक अधिकारी खाटेशी बसून लिहून घेत होता. मी काय सांगितलं, आठवत नाही. न्हाव्याचं सांगितलं नसेल का गं मी?”

थोरलीनं प्रत पुन्हा वाचली; न्हाव्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

“त्याच्या घरी कळवलंच असेल म्हणा,” बाबा स्वतःशीच म्हणाले. “एवढं तर करतातच.”

दुसऱ्या दिवशी ते हट्टानं तिच्याबरोबर कार्यालयात आले. बाईंनी तुकडीची हजेरीवही काढली, न्हाव्याचा क्रमांक शोधला आणि त्याची फाइल उघडली. आत एकच पान होतं. बाईंनी ते वाचलं आणि बाबांकडे न बघता थोरलीपुढे सरकवलं.

‘सदर दिवसापासून बेपत्ता. आघाडीवरून पळून गेला असे मानून नाव कमी केले. कुटुंबास तसे कळविले.’

बाबांनी ते तिच्या खांद्यावरून वाचलं होतं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

“पळाला?” त्यांचा आवाज चिरकला. “अहो, तो आत पळाला! आगीत! मी होतो ना तिथं, मी पाहिलंय!”

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. बाबांना तो दिसलाच नाही.

“आजोबा, तुमचा जबाब घेता येईल,” बाई हळूच म्हणाल्या. “पण आधी सांगते. तुमच्या शिफारशीत ‘एकट्याने’ लिहिलंय. तुम्ही ‘दोघं होतो’ म्हणालात, तर तुमचं पदकही पुन्हा तपासणीला जाणार. नामंजूरही होऊ शकतं.”

थोरली पटकन बोलून गेली, “बाबा, आधी तुमचं होऊ द्या. मग त्यांचं बघू की.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागावून नव्हे, ओळख पटत नसल्यासारखं. “बायको होती त्याची,” ते म्हणाले. “पळपुट्याची बायको म्हणून जगली असेल ती. आणि मी घरी बसून कांद्यांवर हसत होतो.”

थोरलीनं मान खाली घातली. मग बाईंकडून कोरा कागद मागून घेतला आणि बाबा सांगत गेले तसं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. पहिलीच ओळ : माझ्या शिफारशीतील ‘एकट्याने’ हा शब्द खोडावा.

एकाच्या शब्दावर नोंद बदलत नाही, दुसरा साक्षीदार हवा होता. नऊपैकी सात वारले होते, एकाचा पत्ता लागेना. नववा निवृत्त पोस्टमास्तर निघाला, ऐकायला कमी, पण बोलायला खणखणीत.

“न्हावी? विसरेन होय त्याला!” तो फोनवर ओरडला. “माझी दाढी करत होता. अर्धी झाली आणि गोळे पडायला लागले. वस्तरा फेकून त्यानंच मला पाठीवर घेतलं. पुढं दहा दिवस अर्ध्या दाढीचा हिंडत होतो. नव्या इस्पितळात सगळे हसायचे मला!”

हे त्यानं लिहून, सही करून पाठवलं. चौदा महिन्यांनी निकाल आला. न्हाव्याच्या नोंदीतला कलंक खोडला गेला. जखमींना वाचवताना वीरमरण, मरणोत्तर शौर्यपदक. बाबांचं पदक राहिलं, फक्त ‘एकट्याने’च्या जागी ‘सहकाऱ्यासह’ आलं.

न्हाव्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी होती, दुसऱ्या शहरात वह्या-पेनांचं दुकान चालवायची. कार्यालयाचं पत्र तिला पोचलं होतं, तरी बाबांना स्वतः जायचं होतं. थोरली त्यांना घेऊन गेली.

ती थोरलीच्याच वयाची निघाली. सगळं तिनं उभ्यानंच ऐकलं. डोळ्यांतून टिपूस नाही.

“इतकी वर्षं कुठं होतात, काका?” तिनं विचारलं.

“घरीच होतो,” बाबा कसंबसं म्हणाले.

“पळाला म्हणजे जिवंत आहे, असं आई धरून बसली होती.” ती शांतपणे सांगत होती. “लोक नाही नाही ते बोलले. मामानं दोनदा बोलावलं, इथं राहू नका म्हणून. आईनं घर सोडलं नाही. ते परत आले तर आपण सापडायला नको का, म्हणायची. शेवटच्या दुखण्यातसुद्धा दारावर टकटक झाली की मान वळवायची.”

बाबांनी व्रणांचे हात जोडले. ती त्या हातांकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

मग तिनं वह्यांचे गठ्ठे बाजूला सारून स्टूल मोकळं केलं, त्यांना दंडाला धरून बसवलं आणि दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं.

“मी चार वर्षांची होते,” ती म्हणाली. “आईनं फोटो फाडून टाकले, रागाच्या भरात. मला चेहरासुद्धा आठवत नाही. कसे होते, सांगा ना.”

बाबांनी डोळे पुसले.

“उंच,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा वीतभर उंच. भटारखान्याच्या दारातून वाकून यायचा, आणि आला की आधी विचारायचा, आज काय जाळलंस?”

तिला अचानक हसू फुटलं, आणि हसता हसताच ती ओक्साबोक्शी रडायला लागली.